गिरिक गेलं, सर्टिफिकेट आलं: जावातल्या खेड्यात जमीन आणि जगणं

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, सोलो शहरातल्या एका कापडगिरणीत मी काही वर्षं नोकरी केली. तिथल्या एका सहकाऱ्याचं घर क्लातेन जिल्ह्यातल्या खेड्यात आहे. नोकरी सुटली तरी त्या घराशी नातं राहिलं आणि ईदला जाणं चालू राहिलं. २०२५ च्या ईदला गेलो, तेव्हा त्याच्या आजीने फडताळातून खोंग ग्वान बिस्किटांचा लाल पत्र्याचा डबा काढला. असा डबा जावात घरोघरी असतो आणि त्यात बिस्किटं सोडून बाकी सगळं असतं. आजींच्या डब्यात होता एक पिवळा पडलेला, घडीवर फाटत चाललेला कागद, त्यांच्या सासऱ्यांच्या नावाचा. जमिनीच्या अशा जुन्या कागदाला गिरिक म्हणतात.

आजींच्या, जाकार्ताजवळच्या बेकासीला राहणाऱ्या मुलाने फोनवर एक मेसेज पाठवला होता. पुढच्या फेब्रुवारीपासून गिरिक रद्द होणार आणि गिरिकवाल्या जमिनी सरकारजमा होणार, असं त्यात होतं. आजींनी मला विचारलं, "तुमच्याकडे जमिनीचा कागद असा रद्द होतो का?" मला नीट उत्तर देता आलं नाही. त्यानंतर जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं, ते इथे मांडतो आहे. कारण हा प्रश्न एका कागदापुरता नाही. जावातल्या खेड्यात माणूस कशावर जगतो, जमीन कोणाची असते आणि पुढे कोणाची राहील, हे सगळं त्याच्यात गुंतलेलं आहे.

आधी जागा समजून घेऊ

जावा बेट क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, साधारण १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेनुसार तिथे १५ कोटींहून अधिक माणसं राहतात. इंडोनेशियाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या या एकाच बेटावर आहे. जमीन तेवढीच आणि माणसं वाढत गेलेली, ही जावाच्या खेड्याची पहिली ओळख.

गावातली जमीन साधारण चार प्रकारची. सावाह म्हणजे बांध घातलेली, पाण्याखालची भातखाचरं. तेगाल म्हणजे कोरडवाहू. पकारांगान म्हणजे घराभोवतालचं परडं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, कारण त्यात नारळ, केळी, फणस, लिंबू असतं आणि कोंबड्याही असतात. चौथी जमीन बेंगकोक. ती गावाच्या मालकीची असते आणि लुराह, म्हणजे गावप्रमुख, आणि इतर गावकामगारांना पगाराऐवजी कसायला दिली जाते. पद सुटलं की जमीनही सुटते. आपल्याकडची पाटीलकीची वतनं आठवून बघा. फरक एवढाच की वतन वंशपरंपरेने चालायचं आणि बेंगकोक खुर्चीबरोबर चालते. लुराहच्या निवडणुकीत इतकी ईर्षा का असते, याचं एक कारण या खाचरांत आहे.

गिरिक म्हणजे आपला सातबाराच ना?

बराचसा तसाच, आणि गोंधळाचं मूळही तिथेच आहे.

गावाच्या कार्यालयात एक जाडजूड वही असते, तिला लेटर सी म्हणतात. कोणत्या तुकड्याचा सारा कोण भरतो, हे तिच्यात लिहिलेलं. त्या नोंदीच्या आधारावर शेतकऱ्याच्या हातात मिळालेला कागद म्हणजे गिरिक. म्हणजे मुळात ही साऱ्याची नोंद, मालकीचा दाखला नव्हे. आपल्याकडेही कोर्ट हेच सांगत आलं आहे की सातबारा महसुलाची नोंद आहे आणि नुसत्या त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. पण गावात हा बारकावा कोण बघतो? तीन पिढ्या सारा भरला, तीन पिढ्या कसली, शेजारी साक्षीला आहेत, मग जमीन आमचीच.

हे साम्य योगायोगाचं नाही. १८११ ते १८१६ अशी पाच वर्षं जावावर इंग्रजांचा अंमल होता. गव्हर्नर रॅफल्सने तिथे जमिनीवर रोख सारा लावला, तो इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या महसूलपद्धतीचा कित्ता गिरवत. पुढे डच परत आले आणि त्यांनी साऱ्याची व्यवस्था आपल्या पद्धतीने पुढे चालवली. त्या अर्थाने आपला सातबारा आणि तिकडचं गिरिक हे लांबचे भाऊबंद आहेत.

१९६० मध्ये स्वतंत्र इंडोनेशियाने जमिनीचा मूलभूत कायदा केला. त्याने जुने डच हक्क आणि गावोगावचे रूढीचे हक्क एका छत्राखाली आणले. सगळ्यात भक्कम हक्काला नाव दिलं हाक मिलिक. आपल्या भाषेत पूर्ण मालकी: विकता येते, वारसांना देता येते, मुदत नाही. आणि तिचा पुरावा म्हणजे सरकारी जमीन कार्यालयाने मोजणी करून, नकाशासह दिलेलं सर्टिफिकेट. कायदा झाला, पण मोजणीला माणसं नव्हती, लोकांकडे पैसे नव्हते. त्यामुळे साठ वर्षं गिरिकच चालत राहिलं.

मग जमीन खरंच सरकारजमा होते का?

नाही.

२ फेब्रुवारी २०२१ ला सरकारने एक नियमावली काढली. जुन्या रूढीच्या जमिनींचे गिरिकसारखे कागद पाच वर्षांत नोंदवून घ्या, असं तिच्यात आहे. ही मुदत २ फेब्रुवारी २०२६ ची. त्यानंतर गिरिक हा मालकीचा पुरावा उरत नाही, फक्त नोंदणी करताना मागोवा घ्यायला उपयोगी पडतो. रद्द होतं ते कागदाचं वजन. जमिनीवरचा ताबा, वारसा, कसणं यांपैकी काहीच त्या तारखेला पुसलं जात नाही. मुदतीनंतरही सर्टिफिकेटसाठी अर्ज करता येतो. तेव्हा सिद्ध करायचं ते इतकंच की वर्षानुवर्षं जमीन आमच्या ताब्यात आहे आणि शेजारी तसं सांगतात.

मग आजींची भीती अगदीच फोल होती का? तसंही म्हणता येणार नाही. कोर्टात एका बाजूला सर्टिफिकेट आणि दुसऱ्या बाजूला गिरिक आलं, तर आता गिरिकवाल्याचे पाय फारच डळमळीत. आणि एकाच तुकड्याची दोन-दोन गिरिकं निघणं, लेटर सीमध्ये खाडाखोड होणं, लुराह बदलल्यावर वहीचं पान गायब होणं, या गोष्टी गावोगाव घडलेल्या आहेत. जमीन हडपणाऱ्यांना तिकडे जमीनमाफिया असंच म्हणतात. त्यांचं काम अशा अर्धवट कागदांवरच चालतं.

सरकारने २०१७ पासून गावच्या गाव एकदम मोजायची मोहीम काढली आहे. देशभरात १२ कोटी ६० लाख तुकडे नोंदवायचं लक्ष्य आहे. मोजणी आणि सर्टिफिकेट मोफत. हद्दीचे खांब, मुद्रांक, गावातली धावपळ यासाठी जावा आणि बालीत जास्तीत जास्त दीड लाख रुपिया घेता येतात. एका भारतीय रुपयाला साधारण १८५ रुपिया धरले तर हे आठशे रुपयांच्या आसपास होतात. तेवढ्यात पूर्ण मालकीचा कागद मिळणार असेल, तर माझ्या मते एकाही कुटुंबाने मागे राहू नये.

तरी लोक नोंदणीला का कचरतात?

कारण कागदावर नाव कोणाचं लावायचं, हा प्रश्न.

आजींच्या डब्यातलं गिरिक सासऱ्यांच्या नावाचं. सासरे गेले, नवरा गेला. सासऱ्यांना पाच मुलं होती, त्यांतली दोन आता हयात नाहीत, आणि नातवंडं जाकार्ता, सुमात्रा, तैवानपर्यंत पांगलेली. नोंदणी करायची तर वारसदाखला हवा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या. आपल्याकडे वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला यातला त्रास लगेच समजेल.

जावाच्या रूढीत मुलींनाही जमीन मिळते. काही घरांत "सपिकुल सगेंडोंगान" म्हणतात. पुरुष खांद्यावरच्या कावडीत दोन बाजूंना ओझं नेतो आणि बाई पाठीवर एक गाठोडं बांधते, म्हणून मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. हे इस्लामी वारसाहक्काच्या प्रमाणाशीही जुळतं. इतर अनेक घरांत सरळ समान वाटे करतात. आई-बापांजवळ राहून त्यांचं करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे, बहुधा शेंडेफळाकडे, राहतं घर जातं. ही सगळी व्यवस्था तोंडी असते आणि ती तोंडी आहे म्हणूनच लवचीक असते. एका भावाने तैवानहून पैसे पाठवले म्हणून त्याला जास्त द्यायचं, एका बहिणीने आईचं केलं म्हणून तिला परडं द्यायचं, हे ओटीवर बसून ठरतं. सर्टिफिकेट आलं की हे सगळं एका नावात किंवा पाच नावांत गोठतं. इथे मला खरी काळजी वाटते ती घरात राहिलेल्या बायकांची. कागद घाईघाईने थोरल्या भावाच्या नावावर झाला, तर ओटीवरचा शब्द नंतर कोणाला दाखवणार?

जमीन आहे, मग पोट का भरत नाही?

जमीन आहे, पण किती? २०२३ च्या शेतीगणनेत इंडोनेशियात अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेली १ कोटी ६९ लाख शेतकरी कुटुंबं निघाली. दहा वर्षांपूर्वी ती १ कोटी ४२ लाख होती. त्यांना तिकडे "गुरेम" शेतकरी म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबड्यांच्या अंगावरची बारीकशी ऊ. इतकं कठोर नाव सरकारी आकडेवारीतसुद्धा वापरतात, हे मला आजही टोचतं.

एक अंदाजी हिशोब मांडू. पाव हेक्टर सावाह, म्हणजे आपले जेमतेम पंचवीस गुंठे. एका हंगामात दीड टन ओलं भात निघालं असं धरू. २०२५ मध्ये सरकारने किलोला ६,५०० रुपिया हमीभाव ठेवला. म्हणजे एकूण साडेसत्त्याण्णव लाख रुपिया. ऐकायला केवढे वाटतात! पण भारतीय रुपयांत ते बावन्न-त्रेपन्न हजार. नांगरट, रोपं, खत, लावणी, कापणी यात निम्मे गेले, तर चार महिन्यांचे हाती राहिले पंचवीस-सव्वीस हजार. महिन्याला साडेसहा हजार. २०२५ मध्ये मध्य जावा प्रांताचं किमान वेतन २१ लाख ६९ हजार रुपिया होतं, म्हणजे पावणेबारा हजार रुपयांच्या आसपास, आणि जाकार्ताचं जवळजवळ ५४ लाख. विशीतला मुलगा कुठे जाईल, हे सांगायला शेतीतज्ज्ञ लागत नाही.

आणि हा हिशोब स्वतःची जमीन असलेल्याचा झाला. ज्याची नाही, तो "मारो" करतो, म्हणजे अर्धेलीने कसतो. मालकाची जमीन, कष्ट याचे, पीक निम्मं-निम्मं. त्याहून बिकट "गादाइ". अडीनडीला पैसे उचलायचे आणि परतफेड होईपर्यंत शेत सावकाराने कसायचं. मुद्दल फिटत नाही आणि शेत परत येत नाही. यावर १९६० च्या एका कायद्यात फार चांगलं कलम आहे: गहाणवटीने सात वर्षं शेत कसलं, तर पुढच्या कापणीनंतर ते एक पैसाही न घेता मूळ मालकाला परत द्यायचं. सात वर्षांच्या पिकात कर्ज वसूल झालं असं कायदा धरतो. हे कलम माहीत असलेला शेतकरी मला त्या गावात भेटला नाही. ते शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

घर वेगळं, जमीन वेगळी

इथे एक गोष्ट आपल्याला सवयीची नाही. जावाच्या रूढीत आणि १९६० च्या कायद्यातही जमीन एकाची आणि तिच्यावरचं घर किंवा झाड दुसऱ्याचं असू शकतं. जुनं जोग्लो घर, उंच छपराचं, सागवानी खांबांचं, बिनखिळ्यांच्या सांध्यांनी जोडलेलं. ते सुटं करून ट्रकवर घालून दुसरीकडे पुन्हा उभं करता येतं. गेल्या काही दशकांत अशी कितीतरी घरं व्यापाऱ्यांनी खेड्यांतून उचलून बालीतल्या रिसॉर्टांत आणि शहरातल्या हॉटेलांत नेली. जमीन जागेवर, घर गायब. आजींच्या शेजारच्या परड्यात असे चार दगडी पाये दिसतात. त्यांच्यावर मधोमध आता सिमेंटची खोली उभी आहे, छताला पत्रे.

"विकून मोकळं का होत नाहीत?"

हा प्रश्न शहरातली माणसं हमखास विचारतात. काही जण विकतात, आणि काहींना विकावी लागते. सोलो ते योग्यकार्ता महामार्ग क्लातेनच्या भातखाचरांतून गेला. त्याचा क्लातेनपर्यंतचा टप्पा २०२४ मध्ये खुला झाला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोठा मोबदला मिळाला.

मोबदल्याचं पुढे काय होतं, ते पूर्व जावातल्या तुबान जिल्ह्यात दिसलं. तिथल्या सुमुरगेनेंग गावाच्या जमिनी तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी घेतल्या. २०२१ च्या सुरुवातीला त्या गावात रांगेने नव्याकोऱ्या मोटारी येतानाचा व्हिडिओ देशभर फिरला आणि गावाचं नाव पडलं अब्जाधीशांचं गाव. पुढच्याच वर्षी तीच माणसं प्रकल्पात नोकऱ्या मिळाव्यात म्हणून निदर्शनं करत होती. काहींनी घर चालवायला गुरं विकल्याच्या बातम्या आल्या. त्यांना हसणं सोपं आहे. पण ज्याने जन्मभर शेताखेरीज कशाचा हिशोब ठेवला नाही, त्याच्या हातात एकदम रोख आली तर तो दुसरं काय करणार? शेत दर हंगामाला थोडं-थोडं देतं. रोख रक्कम एकदाच येते आणि तिला बांध नसतो.

शिवाय सावाह विकून घरं बांधायची म्हटलं तरी ते सोपं नाही. भातशेती वाचवण्यासाठी २००९ चा कायदा आहे, आणि २०२१ मध्ये जावासह आठ प्रांतांतली भातखाचरं संरक्षित म्हणून नकाशावर रेखली गेली. तुमचं शेत त्या रेघेच्या आत आलं तर बिगरशेती परवानगी जवळजवळ विसरा. आणखी एक जुना नियम १९६१ चा: शेतजमिनीचा मालक त्याच तालुकावजा भागात, म्हणजे कचामातानमध्ये, राहायला हवा, नाहीतर सहा महिन्यांत जमीन दुसऱ्याला द्यावी किंवा स्वतः राहायला यावं. आजींच्या बेकासीच्या मुलाचं ओळखपत्र बेकासीचं. नियम काटेकोर लावला तर तो आईच्या सावाहचा मालकच होऊ शकत नाही! हा नियम सर्रास धाब्यावर बसवला जातो, हे खरं. पण पुस्तकात आहे, आणि भांडण झालं की विरोधी वकील तोच उघडतो.

"मग आपल्यासारख्याने तिथे जमीन घ्यावी का?"

नारळाची झाडं, मागे मेरापी ज्वालामुखी, मुंबईच्या मानाने मातीमोल भाव. मला हे किती जणांनी विचारलं असेल! पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला वारशाने किंवा लग्नातून अशी जमीन आली, तरी वर्षाच्या आत सोडावी लागते. स्थानिक माणसाशी लग्न केलेल्यांनी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार जरूर करावा. लग्नानंतरही तो करता येतो, हे तिथल्या घटना न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलं.

सगळ्यात धोक्याची वाट म्हणजे दुसऱ्याच्या नावावर जमीन घेणं. १९६० च्या कायद्याच्या २६ व्या कलमानुसार परदेशी माणसाकडे मालकी नेणारा आडवळणाचा व्यवहारसुद्धा मुळातच रद्द, जमीन सरकारची आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. गिरणीतल्या एका भारतीय सहकाऱ्याने हे माहीत असून ओळखीच्या माणसाच्या नावावर परडं घेतलं. तो माणूस अपघातात गेला आणि त्याच्या बायकोला या सौद्याची कल्पनाच नव्हती. तिने जमीन आपली म्हटली, आणि कागदावर ती तिच्या नवऱ्याचीच होती.

परदेशी रहिवाशाला रीतसर मिळू शकतो तो मुदतीचा वापरहक्क: आधी ३० वर्षं, वाढवून २०, नूतनीकरणाने आणखी ३०. तोही घरासाठी, आणि सरकारने ठरवलेल्या किमतीच्या वरच्या घरासाठी. भातखाचर घेऊन शेती करण्याची वाट नाही. आणि खरं सांगायचं तर इतकी माणसं आणि इतकी थोडी जमीन असलेल्या बेटावर हा नियम मला रास्त वाटतो.

गावात राहायचं तर

कागद हाती असला, तरी त्या गावात जगणं कागदावर चालत नाही. आजींच्या दाराशी खिळ्याला एक छोटा डबा टांगलेला असतो. त्यात रोज संध्याकाळी त्या मूठभर तांदूळ किंवा पाचशे रुपियाचं नाणं टाकतात. रात्री गस्त घालणारे तरुण घरोघरचे डबे रिकामे करत जातात. याला जिम्पितान म्हणतात. या साठ्यातून कोणाच्या आजारपणाला, रस्त्यावरच्या दिव्याला, मयताच्या घरी मदत होते. ज्याच्या डब्यात काही नसतं त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी चौकशीला जातं, बरं आहे ना म्हणून. बायकांचं आरिसान असतं, म्हणजे आपली भिशीच. घर बांधायचं तर संबातान: गाव कामाला येतं, घरधनी जेवण घालतो. आजींचं छप्पर तसंच झालं.

याच जिल्ह्यातलं पोंगोक गाव बघा. तिथे एक जुना, नितळ झऱ्याचा तलाव आहे. २००९ मध्ये गावाने स्वतःची कंपनी काढली आणि पाण्याखाली बसून फोटो काढायची सोय केली. सायकलवर, सोफ्यावर, मोटरसायकलवर, सगळं पाण्यात. एकेकाळी गरीब म्हणून मोजलं जाणारं गाव आज अब्जावधी रुपियाची उलाढाल करतं. तलाव विकला नाही, भाड्यानेही दिला नाही. २०१५ पासून केंद्राकडून गावांना थेट निधी येतो, आणि गावोगाव सहकारी संस्था उभारण्याची योजना जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी क्लातेनमधल्याच बेंतांगान गावातून सुरू केली. सहकाराचं काय करावं आणि काय करू नये, हे महाराष्ट्राइतकं कोणाला ठाऊक असणार? संस्था सभासदांची राहिली तरच ती गावाची राहते.

आजींच्या जमिनीची मोजणी त्याच वर्षी, तिकडच्या वर्षअखेरच्या पावसाळ्याआधी झाली. सगळ्यांच्या सह्या मिळवायला सात महिने लागले. तैवानच्या नातीचा कागद कुरिअरने आला. हद्दीवर सिमेंटचे खांब रोवताना एक अडचण निघाली. सासऱ्यांनी लावलेलं मेलिंजोचं झाड, ज्याच्या बिया ठेचून आजी एम्पिंग नावाचे पापड करतात, रेघेच्या हातभर पलीकडे शेजाऱ्यांच्या बाजूला गेलं. मोजणीदार टेप धरून उभा. शेजारच्या आजोबांनी झाडाकडे बघितलं आणि खांब आहे तिथेच रोवायला सांगितलं. मग आजींना (तिकडे आजीला म्बाह म्हणतात) म्हणाले, "जमीन माझी, झाड तुमचंच, म्बाह. बिया पडायला लागल्या की नातवाला टोपली घेऊन पाठवा."